मिसळणाचा डबा आणि पेनड्राइव्ह

संगणक सुरू करावा, चहाचं आधण ठेवावं, चहा पिऊनही व्हावा. तरी पडद्यावरचं चक्र आपलं फिरतंच आहे! वीसेक वर्षांपूर्वी घरोघरी ही तक्रार ऐकू येत असे. अशा दिवसांत, जानेवारी २००७ मध्ये, मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज व्हिस्टा’ ग्राहकांसाठी बाजारात आणली आणि तिच्यासोबत ‘रेडीबूस्ट’ नावाची एक सोय दिली. खिशातला पेनड्राइव्ह संगणकाला जोडा आणि त्याचा वेग वाढवा, असं तिचं सांगणं. हे खरं होतं का? थोडं होतं. किती आणि का, हे समजण्यासाठी जरा मागे जायला हवं.

१९५६ मध्ये आयबीएम कंपनीने ‘रॅमॅक’ हा संगणक आणला. दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या, आणि त्यांवर सुमारे पन्नास लाख अक्षरं मावत. ही आपल्या हार्ड डिस्कची आजी. तबकड्या पुढे तळहाताएवढ्या झाल्या, पण रीत तीच राहिली. तबकडी फिरणार, दांडा सरकणार आणि हवी ती माहिती दांड्याखाली येईपर्यंत थांबायचं. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या डिस्कलाही एका फेऱ्याला सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आठपट वेळ लागतो. आपल्या लेखी हा वेळ नगण्य. पण तेवढ्यात प्रोसेसर लाखो आकडेमोडी उरकतो.

स्वयंपाकघराचं उदाहरण घेऊ. हार्ड डिस्क म्हणजे माळा आणि रॅम म्हणजे ओटा. ओटा लहान असला की सामान सारखं माळ्यावर टाकायचं आणि पुन्हा उतरवायचं. व्हिस्टाला किमान ५१२ मेगाबाइट रॅम लागे, आणि तेवढ्यात तिचीही ओढाताण होई. यावर आपल्या घरातला उपाय कोणता? मिसळणाचा डबा! मोहरी-हळदीचा साठा कुठेही असो, रोज लागणारं चिमूटभर हाताशी हवं. संगणकशास्त्रात हाच विचार केंब्रिजचे मॉरिस विल्क्स यांनी १९६५ मध्ये मांडला होता. मोठ्या, संथ स्मृतीपुढे एक लहान, चपळ स्मृती ठेवावी. पुढे तिला ‘कॅश’ म्हणू लागले.

हा डबा स्वस्त करून दिला तो फ्लॅश स्मृतीने. जपानमधल्या तोशिबा कंपनीतले अभियंते फुजिओ मासुओका यांनी ती १९८४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या परिषदेत मांडली. तिच्यातली माहिती एका झटक्यात पुसली जाते, हे पाहून त्यांच्या एका सहकाऱ्याला कॅमेऱ्याचा फ्लॅश आठवला आणि तेच नाव पडलं. १९८७ मध्ये तिचा ‘नँड’ हा अधिक दाटीवाटीचा, स्वस्त प्रकार जगापुढे आला. जगाने या शोधावर अमाप पैसा मिळवला. मासुओकांना मात्र मोबदल्यासाठी २००४ मध्ये आपल्या जुन्या कंपनीविरुद्ध कोर्टात जावं लागलं. २००६ मध्ये ८ कोटी ७० लाख येनांवर तडजोड झाली.

फ्लॅशमध्ये फिरणारं काहीच नाही, त्यामुळे विखुरलेले छोटे तुकडे ती चटकन काढून देते. सलग मोठी फाइल वाचण्यात मात्र त्या काळचा पेनड्राइव्ह हार्ड डिस्कपुढे मागे पडे. म्हणून रेडीबूस्टने कामाची वाटणी केली. चिमूटभर हवं तर पेनड्राइव्हकडून, पोतंभर हवं तर डिस्ककडून. व्हिस्टा त्यासाठी २५६ मेगाबाइट ते ४ गिगाबाइट इतकी जागा वापरी. आधी पेनड्राइव्हची परीक्षा घेई आणि संथ असेल तर सरळ नापास करी. पेनड्राइव्हवर असे ती केवळ नक्कल, तीही सांकेतिक रूपात. अस्सल प्रत डिस्कवरच. त्यामुळे कुणी मध्येच तो उपटला, तरी माहिती बुडत नसे आणि परक्याला वाचताही येत नसे.

घोटाळा झाला तो समजुतीचा. पेनड्राइव्ह लावला की रॅम वाढते, असं अनेकांना वाटलं. पण डब्यामुळे काही ओटा मोठा होत नाही. रॅम तुटपुंजी असलेल्या संगणकाला थोडा आधार मिळे. पुरेशी असेल, तर फरक शोधावा लागे.

पुढे फ्लॅश इतकी स्वस्त झाली, की तिने माळ्याचीच जागा घेतली. फिरत्या तबकडीऐवजी पूर्ण फ्लॅशची ‘एसएसडी’ आली. २००९ च्या ‘विंडोज ७’ मध्ये मुख्य ड्राइव्ह पुरेशी वेगवान एसएसडी असेल, तर रेडीबूस्ट आपोआप बाजूला होई. माळाच हाताशी आल्यावर डब्याचं काम उरलं नाही.

आजही घरातला जुना संगणक रखडत असेल, तर तो लगेच भंगारात काढू नये आणि पेनड्राइव्हच्याही नादी लागू नये. आधी रॅम पुरेशी आहे का, ते पाहावं. आत फिरती डिस्क असेल, तर तिच्या जागी एसएसडी बसवावी. अनेकदा तेवढ्याने यंत्र पुन्हा कामाचं होतं, आणि नव्याचा खर्च वाचतो.

(संपादित नभोवाणी भाषण)