चोराची उडी कोणी पळवली?

संगणकीय खेळांच्या चाहत्यांची नाराजी ही काही नवलाची गोष्ट नाही. एखाद्या लोकप्रिय गेमची नवी आवृत्ती आली की जुनीच बरी होती, असे म्हणणारे दहा जण निघतातच. मात्र उडी मारण्याच्या एका साध्या बटणावरून चाहते आणि निर्माते यांच्यात वाद पेटावा, असे क्वचितच घडते. फेब्रुवारी २०१४ मध्ये बाजारात आलेल्या 'थीफ' या गेमच्या वाट्याला हा योग आला. या गेमच्या नायकाला, म्हणजे गॅरेट नावाच्या निष्णात चोराला, खेळणाऱ्याच्या इच्छेनुसार उडीच मारता येत नव्हती!

हा वाद समजून घ्यायचा तर १९९८ सालापर्यंत मागे जावे लागते. त्या वर्षाच्या अखेरीस अमेरिकेतील लुकिंग ग्लास स्टुडिओज या कंपनीने 'थीफ: द डार्क प्रोजेक्ट' हा गेम आणला. नायकाच्या डोळ्यांतून जग दाखवणारा गेम म्हणजे हाती बंदूक आणि समोर शत्रूंची रांग, असे समीकरण तेव्हा रूढ झाले होते. 'थीफ'ने ते मोडीत काढले. गॅरेटकडे तलवार होती खरी, पण दोन पहारेकरी एकदम अंगावर आले की त्याची धडगत नसे. अंधार आणि शांतता हीच त्याची खरी शस्त्रे. तो कितपत उजेडात उभा आहे, हे पडद्याच्या तळाशी असलेला एक मणी कमी-अधिक उजळून सांगत असे. गालिच्यावर पाऊल वाजत नसे, संगमरवरी वा लोखंडी फरशीवर मात्र खणखणीत वाजे आणि पहारेकरी सावध होई. पाण्याचा बाण मारून मशाल विझवावी, शेवाळाचा बाण मारून फरशी मऊ करावी, अशा युक्त्या खेळणाऱ्याने स्वतःच योजायच्या.

या सगळ्यांत चाहत्यांच्या मनात घर करून बसला तो दोराचा बाण. तो लाकडात कोठेही रुतत असे आणि त्यातून दोर खाली लोंबत असे. तुळई असो वा लाकडी छत, नियम एकच. त्यामुळे वाड्यात शिरण्याची वाट गेम रचणाऱ्याने दाखवलेली नसली तरी खेळणारा ती शोधून काढू शकत होता. दोरावरून उडी टाकायची, सज्जाची कड पकडायची आणि वर चढायचे. यात फजितीही भरपूर होई. कड हुकली की गॅरेट धाडकन खाली कोसळे आणि आवाजाने सारा वाडा जागा होई. जुन्या गेमची चढाई सफाईदार होती, असे आज म्हणणाऱ्यांना स्मृतीने थोडे फसवले असावे. तरीही उडी हुकली तर ती आपल्या हातून हुकली, ही जाणीव त्या खेळात होती.

मूळ कंपनी २००० साली बंद पडली. २००४ चा तिसरा भाग आयन स्टॉर्म या कंपनीने केला. त्यानंतर बराच काळ शांतता होती. पुढे कॅनडातील आयडॉस माँट्रियल या स्टुडिओने मालिका नव्याने सुरू करण्याचे शिवधनुष्य उचलले. याच स्टुडिओने २०११ मध्ये 'ड्यूस एक्स' या दुसऱ्या जुन्या मालिकेचे पुनरुज्जीवन यशस्वी करून दाखवल्याने अपेक्षा उंचावल्या होत्या.

प्रत्यक्षात हाती पडलेल्या 'थीफ'मध्ये समोर काय आहे, त्यानुसार बटणाचा अर्थ बदलत होता. बटण दाबून धरले की गॅरेट धावे. वाटेत चढण्याजोगी भिंत आली तर चढे, ओलांडण्याजोगी फट आली तर ओलांडे. ही सोय कागदावर सुटसुटीत वाटते. अडचण 'जोगी' या शब्दात होती. कोणती भिंत चढण्याजोगी, हे रचनाकारांनी आधीच ठरवून ठेवले होते. एका ठिकाणी गॅरेट उंच भिंत लीलया चढून जाई, तर दुसऱ्या ठिकाणी कमरेएवढ्या पेटीपुढे हतबल होऊन उभा राही. दोराचा बाणही आता ठरावीक तुळयांवरच चाले. खिडकी उचकटायची म्हटले की तीच ती हालचाल दर वेळी पाहावी लागे. पडद्यामागे पुढचा भाग लोड व्हायला त्यामुळे अवधी मिळत असला, तरी खेळणाऱ्याच्या संयमाची ती परीक्षाच होती.

निर्मात्यांची बाजू अगदीच लंगडी नव्हती. अट्टल चोराने सशासारख्या टुणटुण उड्या मारणे शोभत नाही, हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही. शिवाय या गेममध्ये गॅरेटचे हात सतत दिसतात; कोपऱ्यावरून डोकावताना बोटे भिंतीला टेकतात, चौकटीमागची कळ चाचपतात. अशा रेखीव हालचालींसाठी हात नेमका कोठे टेकणार, हे आधी ठाऊक असावे लागते. अंधाऱ्या शहराचे वातावरण आणि सावलीतून सावलीत झपकन सरकण्याची नवी चाल यांचे कौतुक टीकाकारांनीही केले.

मुळात प्रसंगानुरूप नियंत्रणे हीच वाईट, असेही नाही. पहिला 'थीफ' आला त्याच १९९८ साली निन्टेन्डोचा 'द लेजेंड ऑफ झेल्डा: ओकारिना ऑफ टाइम' आला. त्यात उडीचे बटणच नव्हते. नायक धावत कड्याशी पोचला की आपोआप उडी घेई. तो आजही सर्वश्रेष्ठ गेमपैकी एक गणला जातो. २००७ च्या 'असॅसिन्स क्रीड'मध्येही बटण दाबून धरले की नायक सरसर भिंती चढतो. पण तेथे जवळपास सारे शहरच चढता येते. नियम सर्वत्र सारखा असल्याने बटणाआड लपलेली बंधने जाणवत नाहीत. शिवाय या दोन्ही खेळांत हालचाल हे कोठेतरी पोचण्याचे साधन आहे. 'थीफ'मध्ये हालचाल हाच खेळ आहे. पाऊल कोठे टाकायचे, हा निर्णय काढून घेतला तर खेळणाऱ्याच्या हाती उरते काय? २०१२ च्या 'डिसऑनर्ड'ने हा निर्णय खेळणाऱ्यावर सोपवला होता. 'थीफ'चा वारसा मानणाऱ्या त्या गेममध्ये मोकळी उडीही होती आणि क्षणात दुसरीकडे प्रकट होण्याची जादूही. नव्या 'थीफ'ची तुलना त्याच्याशी होणे अटळ होते.

चाहत्यांचा आवाज निर्मात्यांच्या कानी पडलाच नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. २०१३ मध्ये टीकेनंतर त्यांनी अनुभवाचे गुण मिळवण्याची पद्धत काढून टाकली. ऐन वेळी बटणे दाबायला लावणारे प्रसंगही वगळले. अवघडपणा हवा तसा वाढवण्याची मुभा दिली. विशेष दृष्टी बंद करता येत होती, कोणाचाही जीव घेतल्यास मोहीम फसावी, अशी अटही घालून घेता येत होती. ज्यांच्या आवाजाशिवाय गॅरेटची कल्पनाही करवत नव्हती, ते स्टीफन रसेल मात्र परतले नाहीत. त्यांच्या जागी रोमानो ओरझारी आले. उडीही परतली नाही, कारण ती नुसती सेटिंग बदलून परत आणण्याजोगी नव्हती. खेळणारा कोठेही उडी मारू शकत नाही, हे गृहीत धरूनच प्रत्येक गल्ली आणि प्रत्येक छप्पर रचले गेले होते. मोकळी उडी द्यायची म्हटली असती, तर अवघे शहर पुन्हा बांधावे लागले असते.

खरे तर या मालिकेत अशी कात्री पहिल्यांदाच लागली नव्हती. २००४ च्या तिसऱ्या भागातून दोराचा बाण पार हद्दपार झाला होता आणि त्याच्या जागी भिंत चढण्याचे हातमोजे आले होते. गॅरेट पोहणेही विसरला होता. पाण्यात पडला की संपला. त्या तुलनेत २०१४ च्या निर्मात्यांनी दोराचा बाण निदान नावापुरता तरी परत आणला, हे त्यांच्यावर तुटून पडताना अनेक जण विसरले.

नाराज चाहत्यांनी केवळ तक्रारीच केल्या असे नाही. 'द डार्क मॉड' हा त्यांनी स्वतः घडवलेला, 'थीफ'च्या धाटणीचा विनामूल्य खेळ २००९ मध्ये आला. सुरुवातीला तो 'डूम ३' या गेमच्या आधाराने चाले. २०१३ मध्ये स्वतंत्र झाला. जुन्या गेमसाठी नव्या मोहिमा रचण्याचे कामही अखंड चालू राहिले. पहिल्या 'थीफ'ला २५ वर्षे झाली तेव्हा, २०२३ च्या अखेरीस, 'द ब्लॅक परेड' ही चाहत्यांनी रचलेली मोठी मोहीम विनामूल्य उपलब्ध झाली. ती खेळण्यासाठी १९९९ च्या 'थीफ गोल्ड'ची प्रत लागते. दोराचा बाण तेथे अजूनही लाकडात रुततो.