एकोणीस नोव्हेंबरचं कोडं

दर वर्षी १९ ते २५ नोव्हेंबर या काळात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभाग जागतिक वारसा सप्ताह साजरा करतो. व्याख्यानं होतात, छायाचित्रांची प्रदर्शनं भरतात, शाळकरी मुलांच्या रांगा लेण्यांच्या पायऱ्या चढतात. याच्या नावातच ‘जागतिक’ आहे, मात्र संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय सप्ताहांच्या यादीत तो सापडत नाही. मग १९ तारीख आली कुठून?

जागतिक स्मारक दिनाची कथा सोपी आहे. स्मारकांसाठी काम करणाऱ्या ‘इकोमॉस’ या संस्थेने १९८२ साली १८ एप्रिलची सूचना केली आणि पुढच्या वर्षी युनेस्कोने ती उचलून धरली. फ्रान्सने १९८४ पासून सप्टेंबरात स्मारकांची दारं लोकांना खुली केली. तीच प्रथा पुढे युरोपभर गेली. नोव्हेंबराशी या दोन्हींचा संबंध नाही.

सहसा उत्तर मिळतं ते असं, की युनेस्कोचा जागतिक वारसा करार नोव्हेंबरात झाला, म्हणून सप्ताहही नोव्हेंबरात. करार नोव्हेंबरात झाला हे खरं, पण तारीख होती १६ नोव्हेंबर १९७२. भारताने त्याला मान्यता दिली ती १४ नोव्हेंबर १९७७ रोजी, म्हणजे बालदिनी, आणि तीही जनता पक्षाच्या राजवटीत. कराराची आठवण ठेवून सप्ताह आखायचा असता तर १४ ते २० हे दिवस आयतेच हाताशी होते. त्यात दोन्ही तारखा बसल्या असत्या. प्रत्यक्षात सप्ताह सुरू होतो तोवर त्या दोन्ही उलटून गेलेल्या असतात.

आता सरकारी दिनदर्शिकेत पाहा. १९ ते २५ नोव्हेंबर हाच कौमी एकता सप्ताह. १९ नोव्हेंबर हा इंदिरा गांधींचा जन्मदिवस, म्हणून त्याची सुरुवात त्या दिवशी. त्यातला प्रत्येक दिवस एकेका विषयाला वाहिलेला. २३ तारीख सांस्कृतिक एकतेची, तर २५ तारीख संरक्षण-संवर्धनाची. दोन सप्ताहांचा पहिला दिवस एक, शेवटचा दिवस एक, आणि विषयांचीही सरमिसळ. एवढं जुळणं योगायोग म्हणून सोडून द्यायला माझं मन तयार नाही. माझं अनुमान स्पष्ट आहे: वारसा सप्ताहाने आपले दिवस कौमी एकतेकडून घेतले. सरकारी कामाची रीतच तशी असते. परिपत्रकं आणि शाळांचे कार्यक्रम ज्या आठवड्यात ठरलेले असतात, त्यातच नवा उपक्रम बसवला जातो.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. पाऊस सरलेला असतो, दिवाळी बहुधा आटोपलेली असते, उत्खननांचा आणि शाळांच्या सहलींचा हंगाम सुरू होत असतो. म्हणजे ऋतूनेच हा आठवडा निवडला असेल. नोव्हेंबर का, याचं हे उत्तर मला पटतं. पण हवामान ठीक एकोणिसाव्या तारखेवर बोट ठेवत नाही.

या उसन्या तारखेचा आपल्याकडे मोठा फायदा झाला, असं मला वाटतं. करारापासून सुटल्यामुळे सप्ताह युनेस्कोच्या यादीत अडकून पडला नाही. १९८३ साली यादीत गेलेली अजिंठा-वेरूळ त्यात आहेतच, पण यादीत नसलेलं कार्लेही त्यात हक्काने येतं.

तिथल्या चैत्यगृहातल्या खांबांवर दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत. त्यांतले बरेच जण धेनुकाकट नावाच्या गावचे, काही तर स्वतःला यवन म्हणवणारे. हे गाव नेमकं कुठलं, यावर अभ्यासक अजून भांडतात. बॅटरीचा झोत बाजूने तिरपा टाकला की अक्षरं उठून दिसतात. ब्राह्मीतला ‘क’ म्हणजे अधिकचं चिन्ह. त्याच्या माथ्यावरून उजवीकडे निघालेली बारीक रेघ म्हणजे काना. त्यामुळे ‘काक’ ही जोडी पोरांना चटकन सापडते. पुढचा ‘ट’ अर्धवर्तुळासारखा, उजवीकडे उघडा. लिपी न शिकलेलं मूलही एवढ्या खुणांवर जवळपास दोन हजार वर्षांपूर्वीच्या गावाचं नाव वाचू लागतं. प्रदर्शनातल्या फलकांपेक्षा मला हे शिक्षण मोलाचं वाटतं.

म्हणून शिक्षकांना विनंती आहे. येत्या १९ नोव्हेंबरला सहल दूरच्या नामांकित स्थळी नेण्याआधी आपल्या तालुक्यात एखादा शिलालेख आहे का ते पाहा. असेल तर आधी तिथे जा, आणि बॅटरी न्यायला विसरू नका.