शंभरातले अडतीस

२०२० च्या खरिपातली गोष्ट. टाळेबंदी चालू होती. परभणीकडे शेती करणाऱ्या माझ्या भाच्याचा फोन आला. "मावशी, सोयाबीन उगवलंच नाही गं. चार एकर मोडून पुन्हा पेरावं लागणार." त्या वर्षी राज्यभरातून अशा हजारो तक्रारी आल्या होत्या. पंचनामे झाले, उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. भाच्याचा दुकानदार कंपनीकडे बोट दाखवत होता आणि कंपनी पावसाकडे. भाचा म्हणाला, "बियाणं विकताना घरापर्यंत आले होते, आता बांधावर यायला कुणी तयार नाही."

आणि मला आमचे अण्णा आठवले.

अण्णा म्हणजे माझे वडील. ते बियाणं विकायचे. पोटापाण्यासाठी आधी लोखंडी नांगर विकले, मग काही दिवस खत आणि १९६५ नंतर हायब्रीड ज्वारीचं बी. हरितक्रांतीच्या इतिहासात शास्त्रज्ञांची नावं असतात, पुढाऱ्यांची असतात आणि ती असायलाच हवीत. पण प्रयोगशाळेतलं बी शेतकऱ्याच्या तिफणीच्या चाड्यापर्यंत नेणारा माणूस कुठेच नसतो. घरातल्या नातवंडा-पतवंडांनी अण्णांना पाहिलेलं नाही. त्यांच्यासाठी हे लिहून ठेवते आहे.

महिन्यातले वीस दिवस अण्णा बाहेर. एस.टी.च्या टपावर सायकल टाकायची, फाट्यावर उतरायचं आणि तिथून आत पाच-सात मैल चिखल तुडवत जायचं. मुक्काम मारुतीच्या देवळात नाहीतर कुणाच्या ओसरीवर. पण शनिवारी रात्री, कितीही उशीर होवो, घरी. आम्ही तिघं भावंडं. रविवारी सकाळी आमची नखं काढणं, वह्यांना कव्हरं घालणं, आईला आडाचं पाणी शेंदून देणं ही कामं त्यांचीच. पुरुषाने पाणी शेंदलं की शेजारणी हसायच्या. अण्णांना त्याचं काही वाटत नसे.

माल विकण्याबद्दल ते एक गोष्ट नेहमी सांगायचे, लक्ष्मणराव किर्लोस्करांची. १९१० साली औंधच्या राजांनी दिलेल्या माळावर किर्लोस्करवाडी वसली, हे आपण शाळेत शिकतो. पण त्याआधी बेळगावात त्यांनी लोखंडी नांगर बनवले तेव्हा ते कुणी घेईना. लोखंडाने जमीन विषारी होते, असा शेतकऱ्यांचा समज होता. अण्णा म्हणत, "त्यांना शेतकरी अडाणी वाटला नाही, म्हणून नांगर खपला. ज्याचं वर्ष एका पेरणीवर उभं आहे, तो शंका घेणारच. शंका घेणं हा त्याचा हक्क आहे."

हायब्रीडच्या वेळी या शंकांचा पाऊसच पडला. देशातली पहिली हायब्रीड ज्वारी, सी.एस.एच.-१, १९६४ साली आली. त्याच वर्षी जालन्याला बद्रीनारायण बारवाले यांनी महिको सुरू केली. देशात धान्याची ओढ होती, रेशनच्या रांगा होत्या. दोन वर्षांत महाराष्ट्र अन्नधान्यात स्वयंपूर्ण झाला नाही तर मला फाशी द्या, असं मुख्यमंत्री वसंतराव नाईक १९६५ मध्ये जाहीर सभेत बोलले होते. म्हणजे वरून घाई होती. खाली शेतकरी विचारत होता, "अण्णा, ताट एवढंसं बुटकं. दाणा आम्ही खाऊ, पण कडब्यावाचून बैलांनी काय खायचं?" दुसरा विचारायचा, "दरसाल नवं बी विकत घ्यायचं? आमच्या बापजाद्यांनी कधी बी विकत घेतलं नाही." खरंच होतं ते. गावरान ज्वारीची चांगली कणसं निवडून बी घरीच ठेवायची रीत. हायब्रीडचं घरचं बी पेरलं तर ताटं खाली-वर येतात, उतार घटतो. हे सगळं अण्णा विकण्याआधीच सांगून टाकायचे. त्यामुळे त्यांची विक्री इतरांपेक्षा नेहमी थोडी कमीच असायची.

आणि घरात नियम एकच. जे विकतो ते आपल्या ताटात आलं पाहिजे. त्यामुळे आमच्याकडे हायब्रीडच्या भाकरी. आई सोलापूरकडची, मालदांडीवर वाढलेली. हायब्रीडच्या पिठाला चिकटपणा नाही, भाकरी थापताना कडेला चिरा पडायच्या. आई आधण घालून बघायची, थोडं गव्हाचं पीठ मिसळून बघायची आणि शेवटी म्हणायची, "तुमच्या सरकारला सांगा, आधी एक भाकरी थापून दाखवा म्हणावं." अण्णा मुकाट्याने दुधात कुस्करून खायचे. कणसं तयार व्हायच्या वेळी पाऊस लांबला की हायब्रीडचा दाणा काळा पडे. तसली ज्वारीसुद्धा आम्ही एक वर्ष खाल्ली.

आता मूळ गोष्टीकडे येते. दरवर्षी मे महिन्यात माल आला की अण्णा प्रत्येक लॉटमधले १०० दाणे मोजून घ्यायचे, ओल्या गोणपाटावर ओळीने मांडायचे आणि गुंडाळून माजघराच्या कोपऱ्यात ठेवायचे. रोज पाणी शिंपडायचं. चौथ्या-पाचव्या दिवशी गोणपाट उलगडून मोड आलेले दाणे मोजायचं काम आम्हा मुलांचं. पंचाहत्तरच्या वर आले की अण्णा खूश, आणि आम्हाला दोन-दोन लिमलेटच्या गोळ्या.

१९६९ च्या जूनची सुरुवात होती. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. धाकटी दोघं आजोळी गेली होती म्हणून मोजणी माझ्याकडे आली. गोणपाट उलगडलं आणि मोजले. ३८. मला वाटलं, चुकले. पुन्हा मोजले. ३८. अण्णांना सांगितलं तर ते म्हणाले, "पुन्हा मोज." तिसऱ्यांदाही अडतीसच. मग ते स्वतः उकिडवे बसले, एकेक दाणा बोटाने बाजूला सारत राहिले आणि काही न बोलता बराच वेळ तसेच बसून राहिले.

मृग तोंडावर आला होता. अण्णांनी कंपनीला तार केली. उत्तर आलं, माल ठीक आहे, विक्री चालू ठेवा. गोदामात वळवाच्या पावसाचं पाणी शिरलं होतं आणि पोती भिजली होती, हे पुढे कळलं. त्या लॉटच्या सत्तावीस पिशव्या आधीच गेलेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी पहाटे अण्णा सायकल घेऊन निघाले. पाच दिवसांत अकरा गावं केली. प्रत्येकाच्या दारात जाऊन म्हणाले, "हे पेरू नका. पैसे परत घ्या. यंदा घरचं गावरान पेरा." पैसे अर्थातच स्वतःच्या खिशातून. पंचवीस पिशव्या परत आल्या. दोघांनी आधीच धूळपेरणी करून टाकली होती. त्यांच्या बांधावर ते पुन्हा दहा दिवसांनी गेले, रिकामं रान बघितलं आणि दुबार पेरणीचं बी आपल्या पदरचं दिलं.

कंपनीने पंचवीस पिशव्यांची रक्कम त्यांच्या कमिशनमधून कापली आणि पुढच्या वर्षी काम दिलं नाही. त्या वर्षी माझी फी आईच्या पाटल्या गहाण ठेवून भरली गेली. मला अण्णांचा फार राग आला होता, खोटं कशाला बोलू? सगळ्या गावाची काळजी वाहणाऱ्या माणसाला आपल्या बायकोचे हात दिसत नाहीत का, असं वाटायचं. आणि रात्री अंथरुणावर पडलं की दुसराच विचार यायचा. तेव्हा मी अठ्ठ्याहत्तर म्हणाले असते तर? माझ्यावर विसंबून ते कदाचित उठून गेलेही असते. पाटल्या राहिल्या असत्या.

मी एकदा आईला हे बोलून दाखवलं. ती ज्वारी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आणि मग तुझ्या बापाने शनिवारी घरी कोणतं तोंड घेऊन यायचं?" एवढंच. पाटल्या पुढे सुटल्या नाहीत. तिने त्यांचं नाव काढलेलं मला आठवत नाही.

मग १९७२ चा दुष्काळ आला. अण्णांचे गिऱ्हाईक असलेले शेतकरी रस्त्याच्या कामावर खडी फोडत होते. सुकडी आणि रेशनची ती लाल मिलो ज्वारी खाऊन लोक जगले. मिलोची भाकरी थापताना आई म्हणाली, "यापेक्षा तुमची हायब्रीड बरी होती हो." अण्णांना त्या वर्षात हसताना मी तेवढंच पाहिलं.

पुढे मोंढ्यात त्यांनी एक लहानसं दुकान टाकलं. गल्ल्याशेजारी ओलं गोणपाट कायम असायचं. गिऱ्हाइकाने ते उलगडून स्वतः मोजायचं आणि मगच पिशवी घ्यायची. श्रीमंत झाले नाहीत. पण दोन्ही मुलींना शिकवलं, मुलाला शिकवलं. १९९४ साली गेले, तेव्हा कुणाचं देणं नव्हतं.

मी पस्तीस-छत्तीस वर्षं पेपर तपासले. काठावरचा मुलगा असला की हात थरथरायचा. दोन गुण वाढवावेत का, असं वाटायचं. कधी वाढवलेही, सांगून टाकते. पण बेरीज मात्र प्रत्येक वेळी तीनदा केली.

असो. २०२० नंतर कृषी खात्यानेही घरच्या घरी उगवण तपासण्याची मोहीम चांगली राबवली. अण्णांचीच पद्धत. आता भाचा दरवर्षी पेरणीआधी गोणपाट गुंडाळतो आणि मला फोन करतो. यंदाही केला. "मावशी, शंभरातले एक्क्याऐंशी!"

मी म्हटलं, "पुन्हा मोज."