दोन तारामती

हरिश्चंद्राची कथा आमच्या वाचकांपैकीं कोणास ठाऊक नाहीं? राजानें स्वप्नांतील वचनासाठीं राज्य सोडलें, डोंबाच्या घरीं चाकरी धरली आणि राणी तारामतीस दासी म्हणून भर बाजारांत उभें राहावें लागलें, हें आम्हीं सर्वांनीं लहानपणीं आजीच्या तोंडून ऐकलें आहे. योगायोग असा कीं, दादासाहेब फाळके यांनीं आपल्या पहिल्या कथाचित्रासाठीं हीच कथा निवडली आणि मराठी बोलपटाचा श्रीगणेशाहि याच कथेनें झाला. ३ मे १९१३ रोजीं फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' मुंबईस गिरगांवांतील कॉरोनेशन चित्रगृहांत लागला. १९३२ सालीं प्रभात कंपनीचा 'अयोध्येचा राजा' प्रेक्षकांपुढें आला. मध्यें अवघीं १९ वर्षें गेलीं. परंतु पहिल्या चित्रांतील तारामती पुरुष होता, आणि दुसऱ्या चित्रांतील तारामती मुंबईच्या एका प्रतिष्ठित सॉलिसिटरांची मुलगी होती. या १९ वर्षांत काय घडलें व त्याचें मोल कोणीं दिलें, याचा विचार दुर्गाबाई खोटे यांच्या चरित्राच्या निमित्तानें करावा, असें आम्हीं योजिलें आहे.

फाळक्यांना तारामतीसाठीं स्त्री मिळेना. नाटकांत स्त्रीभूमिका पुरुषांनींच करावयाच्या, हा त्या काळचा शिरस्ता. तेथें या नव्या यंत्रापुढें उभें राहावयास कोण तयार होणार? अखेर एका हॉटेलांत स्वयंपाकाचें काम करणारे अण्णा साळुंके यांना साडी नेसवून फाळक्यांनीं राणी केलें. याच साळुंक्यांनीं १९१७ सालच्या 'लंकादहना'त राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या! परंतु त्याच १९१३ सालीं 'मोहिनी भस्मासुर' या चित्रांत दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई यांनीं कामें केलीं, ही गोष्ट विसरतां कामा नये. संसार मोडलेल्या, पदरीं मूल असलेल्या त्या बाईनें पोटासाठीं हा मार्ग धरला आणि समाजानें तिला आपल्या पंक्तींतून उठविलें. त्यानंतरच्या मूकपटांत ज्या स्त्रियांनीं कामें केलीं, त्यांतील बऱ्याच जणींच्या वाट्यास पैसा आला, कीर्तिहि आली. मान मात्र आला नाहीं.

दुर्गाबाई खोटे यांचा जन्म १४ जानेवारी १९०५ रोजीं लाड घराण्यांत झाला. माहेरचें नांव विठा. घरची सुबत्ता, वडील पांडुरंगराव लाड हे नांवाजलेले कायदेपंडित. मुलीचें शिक्षण कॅथीड्रल शाळेंत आणि पुढें सेंट झेवियर कॉलेजांत. शिक्षण चालू असतांनाच खोट्यांच्या श्रीमंत घरांत लग्न झालें आणि बकुळ व हरीन हे दोन मुलगे झाले. येथवरची हकीकत त्या वेळच्या कोणत्याहि सुखवस्तु घरांतील मुलीची म्हणून खपेल. पुढें सासरचें वैभव ओसरलें, तरुणपणींच वैधव्य आलें, आणि दोन मुलांना वाढवावयाचें कसें, हा प्रश्न उभा राहिला. माहेरचा आधार नव्हता असें नाहीं. पण आश्रिताचें अन्न गोड लागत नाहीं, हें ज्यांनीं खाल्लें आहे तेच जाणतात.

१९३१ सालीं मोहन भवनानी यांच्या 'फरेबी जाल' या चित्रांत त्यांनीं लहानशी भूमिका केली. चित्र भिकार होतें व तें तितक्याच झपाट्यानें पडलें. परंतु भूमिका लहान म्हणून बोभाटा लहान झाला नाहीं. लाडांची मुलगी, खोट्यांची सून, आणि पडद्यावर! ज्या नांवाच्या बळावर कंपनीनें त्यांना घेतलें, त्याच नांवामुळें टीकेचे फटके अधिक जोरानें बसले. कुलीनता ही ढाल आहे, असें आम्ही समजतों. प्रसंगीं ती पाठीवरचा आसूड होते, हें या प्रकरणीं दिसून आलें. दुसरी एखादी बाई तेथेंच थांबली असती. दुर्गाबाई थांबल्या नाहींत, आणि याच सुमारास प्रभातच्या व्ही. शांताराम यांनीं त्यांना तारामतीच्या भूमिकेसाठीं निवडलें.

कोल्हापूरच्या त्या कंपनीचें काम म्हणजे हौस नव्हती. एकच कथा मराठींत आणि हिंदींत घ्यावयाची, म्हणजे प्रत्येक प्रसंग दोनदां वठवावयाचा. पार्श्वगायनाची युक्ति अजून निघाली नव्हती. नटानें यंत्रापुढें अभिनय करतां करतांच गावें, ही रीत. समोर हरिश्चंद्राच्या भूमिकेंत गोविंदराव टेंबे यांच्यासारखा मुरलेला संगीतज्ञ! अशा स्थितींत नवख्या बाईनें तारामती उभी केली आणि तीं दोन्ही चित्रें लोकांनीं डोक्यावर घेतलीं. काल नांवें ठेवणारीं घरें आज मुलाबाळांसह तेंच चित्र पाहावयास जाऊं लागलीं. लोकनिंदा आणि लोकस्तुति या दोहोंची किंमत किती करावी, याचा धडा दुर्गाबाईंना वर्षाच्या आंत मिळाला असावा.

त्यानंतर त्या एका कंपनीच्या दावणीला बांधून राहिल्या नाहींत. त्या काळीं नटनटी कंपनीच्या पगारी नोकर असत. दुर्गाबाई मात्र भूमिकेमागें गेल्या. कलकत्त्यास देवकी बोस यांच्या हाताखालीं त्यांनीं 'राजरानी मीरा' (१९३३) आणि 'सीता' (१९३४) केलीं. परत येऊन प्रभातच्या 'अमरज्योती'त (१९३६) सौदामिनी झाल्या. ही सौदामिनी आम्हांस विशेष महत्त्वाची वाटते. स्त्री ही नवऱ्याची दासी, म्हणून पोटच्या मुलावर तिचा हक्क नाहीं, असा निकाल मिळालेली ही आई समुद्रावर चांचेगिरी करून सूड घेते. सोसणारी तारामती आणि सूड घेणारी सौदामिनी या दोघींत चारच वर्षांचें अंतर आहे. दोघींच्याहि मुळाशीं आईपण आहे. 'सवंगडी' या चित्राच्या निर्मितींत पडून त्यांनीं धंद्याची बाजूहि अनुभवली.

पुढें वयानुसार भूमिका बदलल्या. १९४१ सालीं आचार्य अत्रे यांच्या 'पायाची दासी'त सून वनमाला आणि सासू दुर्गाबाई. वय पस्तिशीचें, नायिकेचा मोह सुटण्याचें तें वय नव्हे. तरी त्यांनीं ती खाष्ट सासू मन लावून रंगविली. 'भरतभेटी'त कैकेयी आणि सोहराब मोदींच्या 'पृथ्वीवल्लभा'त मृणालवती, या दोन्ही मानी स्त्रिया. प्रेक्षकांचा राग ओढवून घेणाऱ्या. सुंदर दिसण्यापेक्षां खरें दिसणें कठीण असतें. ती कठीण वाट त्यांनीं आपण होऊन धरली, म्हणूनच त्यांचा पडद्यावरील काल पन्नास वर्षांचा झाला. रंगभूमीवरहि मुंबई मराठी साहित्य संघाच्या 'भाऊबंदकी'त त्यांनीं आनंदीबाई केली. १९६० सालच्या 'मुघल-ए-आझम'मधील जोधाबाई ही त्यांची भूमिका पुढच्या पिढीच्या डोळ्यांपुढें आहे. पती बादशहा आणि पुत्र बंडखोर, अशा कात्रींत सांपडलेली आई त्यांनीं थोड्या शब्दांत व पुष्कळशा मौनांत दाखविली. १९७३ सालच्या 'बॉबी'तील वृद्ध मिसेस ब्रिगांझा ज्यांनीं पाहिली, त्यांतील किती तरुणांस ठाऊक असेल, कीं ही बाई एके काळीं अयोध्येची राणी होती?

सरकारनें १९६८ सालीं त्यांना पद्मश्री दिली व १९८३ सालचें दादासाहेब फाळके पारितोषिकहि त्यांना मिळालें. ज्या फाळक्यांना तारामतीसाठीं बाई मिळाली नाहीं, त्यांच्या नांवाचा मान एका तारामतीस मिळाला. त्यांचें आत्मचरित्र 'मी, दुर्गा खोटे' १९८२ सालीं प्रसिद्ध झालें. परंतु त्या निवृत्तीच्या ओसरीवर बसल्या नव्हत्या. माहितीपट व जाहिरातपट काढणारी संस्था त्यांनीं उभारली होती. तिनेंच १९८८ सालीं आर. के. लक्ष्मण यांच्या व्यंगचित्रांवरून कल्पिलेली 'वागळे की दुनिया' ही मालिका दूरदर्शनवर आणली. दिग्दर्शक कुंदन शाह, वागळे अंजन श्रीवास्तव आणि त्यांची पत्नी भारती आचरेकर. ज्या मध्यम वर्गानें पूर्वीं नाकें मुरडलीं, त्याच वर्गाचें छोटें जग, त्याच्या काळज्या आणि त्याचा भाबडेपणा या वृद्ध बाईंच्या संस्थेनें घरोघरीं नेला. २२ सप्टेंबर १९९१ रोजीं त्यांचें निधन झालें.

दुर्गाबाईंमुळें चित्रपटाच्या धंद्यास प्रतिष्ठा आली, असें सर्रास लिहिलें जातें. त्यांच्यामागून लीला चिटणीस, वनमाला, शोभना समर्थ अशा सुशिक्षित स्त्रिया पडद्यावर आल्या, हें खरें. तरीहि आम्हांस त्या वाक्यांत किंचित् अन्याय दिसतो. घराण्याच्या नांवानें प्रतिष्ठा आली म्हणावें, तर दुर्गाबाई कामत आणि त्यांच्यानंतरच्या शेंकडों अनाम स्त्रिया काय केवळ कलंक होत्या? त्यांनींहि मुलांच्या तोंडीं घांस घालण्यासाठींच तोंडाला रंग लावला होता. दोघींची गरज एक, कष्ट एक. फरक एवढाच कीं, एकीला समाजानें १९ वर्षांनंतर पाहिलें. आणि दुर्गाबाई खोट्यांचा खरा मोठेपणाहि लाडांच्या किंवा खोट्यांच्या घरांतून आलेला नाहीं. पहिल्या अपमानानंतर दुसऱ्या दिवशीं त्या पुन्हां कामावर गेल्या, यांत तो आहे.

पुराणांतील तारामतीस देवांनीं प्रसन्न होऊन राज्य परत दिलें. या तारामतीकडे कोणी देव आला नाहीं. तिनें आपलें राज्य मजुरीनें मिळविलें, आणि तें मरेपर्यंत राखलें.