अण्णांची रॅले

आमची सोसायटी पुनर्विकासाला गेलीय. "पार्किंगमधलं जुनं सामान महिनाअखेरीपर्यंत हलवावे" अशी नोटीस लागली आणि जिन्याखाली पंधरा-सोळा वर्षं भिंतीला टेकून उभी असलेली आजोबांची सायकल अचानक घरातला ज्वलंत विषय झाली. भंगारवाल्याने एकदा टायर दाबून पाहिलं आणि म्हणाला, "वजनावर घेतो." बाबा काही न बोलता आत निघून गेले. मग मीच म्हटलं, थांबा, मी करतो दुरुस्त.

खरं सांगायचं तर दुरुस्ती माझ्या डोक्यात नव्हतीच. यूट्यूब बघून बघून डिझाइन पक्कं झालं होतं. मडगार्ड, कॅरिअर, चेनकव्हर सगळं उडवायचं, मागे गिअर बसवायचे, मॅट काळा रंग मारायचा. बाबांचं म्हणणं एकच, "अण्णांची रॅले आहे ती. आहे तशी राहू दे."

अण्णा म्हणजे माझे आजोबा. खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीत होते. शनिवार पेठेतून रोज सायकलने खडकी, आणि भोंगा व्हायच्या आत गेटवर. पुण्याला सायकलींचं शहर म्हणायचे ते अशा मंडळींच्या जिवावर. सायकलला पालिकेचा बिल्ला लागायचा, आणि रात्री दिवा नसला तर पोलीस चाकातली हवा सोडायचे. (आत्ता हेल्मेटवरून भांडणारे पुणेकर तेव्हा दिव्यावरून भांडत असणार, याबद्दल मला शंका नाही.)

आणि रॅले म्हणजे त्या काळची शान. १८८५ मध्ये कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्लीने दोन सारखी चाकं आणि मागच्या चाकाला चेन असलेली 'रोव्हर' काढली, १८८८ मध्ये डनलॉपचं हवेचं टायर आलं. नॉटिंगहॅमच्या रॅले स्ट्रीटवरचं एक छोटं वर्कशॉप याच सुमारास फ्रँक बाउडनने घेतलं आणि त्याची जगातल्या सर्वांत मोठ्या सायकल कंपन्यांपैकी एक झाली. स्वातंत्र्यापूर्वी आपल्याकडच्या बऱ्याचशा सायकली अशा इंग्लंडहूनच यायच्या. रॅले, बीएसए, हर्क्युलिस, हंबर...

असो. पहिला शनिवार एका पिनेने खाल्ला. जुन्या सायकलच्या क्रँकमध्ये आडवी पाचर मारलेली असते, ती कॉटर पिन. डिझेल सोडलं, हातोडा मारला, पिनेचं डोकं चपटं झालं पण ती जागची हलेना. शेवटी कोपऱ्यावरच्या सायकलवाल्या काकांनी क्रँकखाली पाइपचा तुकडा टेकू म्हणून लावला, म्हणजे मार बेअरिंगवर न जाता पिनेवर जातो, आणि दोन ठोक्यांत काढली. वर विचारलं, "इंजिनिअर ना रे तू?"

डाव्या पायडलशी तर मी अर्धा तास झटापट केली. त्याचे आटे उलटे असतात! पायाचा जोर पायडलच्या आसाभोवती फिरत राहतो, त्यामुळे डावीकडे सरळ आटे दिले तर पायडल हळूहळू आपोआप सुटत जातं. विमानाच्या आधी सायकली विकणाऱ्या राइट बंधूंनी १९०० साली 'न सुटणारं पायडल' म्हणून हीच युक्ती बाजारात आणली होती. मला सव्वाशे वर्षं उशिरा कळली.

काजळी पुसल्यावर चेनच्या मोठ्या चक्रात बगळ्यांची डोकी दिसली, तीन. रॅलेची खूण. बाबांना इतका आनंद झाला की त्यांनी कपाटातून सायकलचं १९५७ चं बिल काढून आणलं. (हो, आमच्याकडे बिलं टाकत नाहीत.) त्यावर फ्रेमचा नंबर होता. मी उत्साहात सीटखालची नळी पॉलिशपेपरने घासली.

नंबर वेगळाच निघाला. पुन्हा घासलं, टॉर्च मारला. आकड्यांची संख्याही जुळेना.

बाबांचा चेहरा पाहवेना. संध्याकाळी त्यांनी आत्याला फोन लावला. ती त्यांच्याहून नऊ वर्षांनी मोठी. आत्या म्हणाली, "अरे, पुरात वाड्याची भिंत पडली ना तिच्यावर! तू कुठे होतास तेव्हा?"

१२ जुलै १९६१. पानशेत फुटलं, मग खडकवासला फुटलं, आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. फ्रेम वाकून गेली होती. नवी सायकल घेणं शक्यच नव्हतं, म्हणून अण्णांनी नुसती फ्रेम घेतली, 'कुठलीशी लुधियानाची', आणि जुन्यातलं जे बसेल ते तिच्यावर चढवलं. सगळं बसणं शक्य नव्हतं. बहुतेक ब्रिटिश सायकलींच्या बॉटमला इंचाला २४ आटे, तर रॅलेचे स्वतःचे २६. म्हणजे त्यांचे कप दुसऱ्यांच्या फ्रेममध्ये जायचेच नाहीत. चिमट्याच्या आट्यांचीही तीच गत. आमच्या भाषेत याला व्हेंडर लॉक-इन म्हणतात. क्रँकला मात्र आटे नसतात, पिन असते. म्हणून बगळे वाचले.

आणि लुधियानाचंच का, याचंही उत्तर आहे. स्वातंत्र्यानंतर आयातीवर बंधनं आली आणि इथेच कारखाने उभे राहिले. मद्रासला १९४९ मध्ये टीआय सायकल्स, आसनसोलला सेन-रॅले, सोनीपतला १९५१ मध्ये ॲटलस. कमालियाहून (ते आता पाकिस्तानात) आलेले मुंजाल बंधू आधी सुटे भागच विकायचे, बनवायचे. 'हीरो' ही अख्खी सायकल त्यांनी १९५६ मध्ये काढली आणि १९८६ मध्ये गिनीज बुकाने हीरोला जगातली सर्वांत मोठी सायकल उत्पादक कंपनी म्हणून नोंदवलं. पण मला जास्त भारी वाटतात ते त्यांच्या आजूबाजूचे लहान कारखाने. एक नुसत्या घंटा बनवणार, दुसरा नुसती पायडलं, तिसरा चिमटे. असला धंदा चालायचा तर कुणाचाही भाग कुणाच्याही सायकलला बसायला हवा, म्हणजे आराखड्याला हात लावायचा नाही! काळी सायकल वर्षानुवर्षं बदलली नाही म्हणून आपण नावं ठेवतो, पण माझ्यासारख्या नवख्याला तिचे छर्रे, कोन, टायर आजही कोपऱ्यावर मिळाले ते त्यामुळेच.

म्हणजे आमच्या घरातली पहिली कस्टमाइज्ड सायकल अण्णांनीच केली होती. तरी शेवटपर्यंत म्हणायचे 'माझी रॅले'.

रविवारी सकाळी बाबा चहा घेऊन खाली आले आणि म्हणाले, "मागे गिअर बसवायचे म्हणत होतास ना?"

मी स्टर्मी-आर्चरचा तीन गिअरचा हब मागवला. १९०२ मध्ये नॉटिंगहॅममध्येच जन्मलेली वस्तू, हल्ली तैवानमध्ये बनते. आला तो ३६ भोकांचा. आपल्या मागच्या रिमला भोकं ४०! जुनी ब्रिटिश पद्धत, पुढे ३२ तारा, मागे ४०. ऑर्डर करण्यापूर्वी मोजायला दोन मिनिटं लागली असती. जुन्या बाजारात दोन रविवार शोधलं, मिळाला नाही. मग १८ दात्यांचं फ्रीव्हील काढून २२ चं लावलं. पुढे ४८ दाते आहेत, म्हणजे एका पायडलला चाक २.६७ ऐवजी २.१८ वेळा फिरतं. चांदणी चौकाच्या चढावर फरक कळतो. उतारावर पाय नुसतेच गरागरा फिरतात, ते सोडा.

मॅट काळा रंग रद्द. सळईचे ब्रेक ठेवले, कॅरिअर बाबांनी काढू दिलं नाही. नवा फ्रेम नंबर मी जुन्या बिलाच्या मागे पेन्सिलने लिहिला, तर बाबांनी तो पेनाने गिरवला.

आता डायनॅमो उरलाय. फिरतो, पण दिवा लागत नाही.