तेलाचा एक थेंब आणि प्राणवायू : येडशीच्या परिसरापासून समुद्रतळापर्यंत

१/ बालाघाटाच्या डोंगररांगेतील येडशीपासून समुद्र फार दूर. तरीही पाणबुड्यांच्या एका कडक नियमाची आठवण व्हावी, अशी घटना मे २०२१ मध्ये याच परिसरात घडली. करोनाच्या दुसऱ्या लाटेत कळंब तालुक्यातील चोराखळीच्या धाराशिव साखर कारखान्याने आपल्या इथेनॉल प्रकल्पात फेरबदल करून वैद्यकीय प्राणवायूची निर्मिती सुरू केली.

२/ इथेनॉलमधील उरलेसुरले पाणी झिओलाइट नावाचे खनिज शोषून घेते. त्याऐवजी हवेतील नायट्रोजन शोषणारे झिओलाइट वापरले, की प्रामुख्याने प्राणवायू उरतो. मात्र ज्वलनशील द्रवाच्या जागी प्राणवायू खेळवायचा, तर 'स्वच्छ' या शब्दाचा अर्थच बदलतो.

३/ प्राणवायू स्वतः जळत नाही. तो दुसऱ्याला जाळतो. हवेत त्याचे प्रमाण सुमारे २१ टक्के असते. तो शुद्ध आणि उच्च दाबाखाली असेल, तर ठिणगीचीही गरज उरत नाही. झडप झटकन उघडली की पुढच्या नळीतील वायू एकाएकी दाबला जाऊन तापतो. तेथे तेलाचा अंश असल्यास तो पेटतो. मग रबर आणि कधी धातूही.

४/ या स्वभावाची किंमत जगाने मोजली आहे. २७ जानेवारी १९६७ रोजी अपोलो १ च्या चाचणीत शुद्ध प्राणवायूने भरलेल्या यानात आग लागली आणि तीन अंतराळवीर मृत्युमुखी पडले.

५/ १९४३ मध्ये कुस्तो आणि गान्यां यांनी घडवलेल्या 'अ‍ॅक्वालंग'मध्ये साधी हवा भरली जाई. पुढे अधिक प्राणवायूचे 'नायट्रॉक्स' मिश्रण आले. १९७९ मध्ये अमेरिकेच्या 'नोआ' या संस्थेने आपल्या नियमावलीत त्याला स्थान दिले. मिश्रण ३२ टक्क्यांचे असले, तरी एका प्रचलित पद्धतीत टाकीत आधी शुद्ध प्राणवायू सोडतात. धोका त्या क्षणी असतो.

६/ म्हणून टाकीची झडप पूर्ण सुटी करतात. प्रत्येक भाग योग्य डिटर्जंटच्या गरम पाण्यात घासून, स्वच्छ पाण्याने खळबळून, तेलविरहित वायूने वाळवतात. प्रखर प्रकाशात व अतिनील किरणांखाली तपासतात. पण काही तेले त्या किरणांत चमकत नाहीत, म्हणून एका तपासणीवर विसंबत नाहीत. जुन्या रबरी कड्या बदलतात. वंगण फक्त प्राणवायूला चालणारे, फ्लोरिनयुक्त. नेहमीचे सिलिकॉन ग्रीस वर्ज्य.

७/ ही शुद्धी कायमची नसते. साध्या कॉम्प्रेसरची हवा एकदा जरी भरली, तरी तिच्यासोबत तेलाचे सूक्ष्म कण आत शिरू शकतात. मग सारे पुन्हा पहिल्यापासून.

८/ समुद्रतळ असो वा गावातील दवाखाना, नियम एकच : प्राणवायूच्या सिलिंडरला तेलकट हात लावू नये, अडकलेल्या झडपेत तेल सोडू नये आणि झडप सावकाश उघडावी. श्वास देणारा वायू आग भडकवण्यासही तितकाच तत्पर असतो.