खोक्यावर न छापलेली तारीख

नेट अडकले की राउटर बंद करून पुन्हा चालू करायचा, हा उपाय आता घरोघरी ठाऊक आहे. तो बहुतेक वेळा लागूही पडतो, आणि दुखणे कुठे आहे हे त्यावरूनच कळते. जळालेला भाग वीज तोडून जोडल्याने दुरुस्त होत नाही. अडकलेला प्रोग्रॅम मात्र नव्याने सुरू होतो. घरगुती राउटरच्या इतिहासात त्याच्या बेभरवशाचे मूळ वारंवार सापडते ते त्यातल्या सॉफ्टवेअरमध्ये, आणि विक्रीनंतर ते सांभाळायचे कोणी या प्रश्नात.

लिंक्सिस या अमेरिकी कंपनीचा डब्ल्यूआरटी५४जी हा निळा-काळा राउटर २००२ च्या अखेरीस बाजारात आला. तो लिनक्सवर चालतो, हे २००३ मध्ये जाणकारांनी शोधून काढले. लिनक्सच्या परवान्यानुसार सोर्स कोड खुला करणे बंधनकारक होते. त्याच वर्षी लिंक्सिस विकत घेतलेल्या सिस्कोला तो द्यावा लागला. त्यातूनच २००४ मध्ये राउटरसाठी खुले सॉफ्टवेअर बनवणारा ओपनडब्ल्यूआरटी हा स्वयंसेवकांचा प्रकल्प उभा राहिला. पण २००५ मध्ये याच राउटरची पाचवी आवृत्ती आली तेव्हा रॅम १६ वरून ८ एमबी आणि फ्लॅश ४ वरून २ एमबी झाली, लिनक्सही गेले. नाव आणि रूप मात्र तेच. ही आवृत्ती अस्थिरतेबद्दल बदनाम झाली. मग कंपनीने जुनी मेमरी आणि लिनक्स असलेले डब्ल्यूआरटी५४जीएल हे मॉडेल वेगळे काढले. वेगाच्या हिशेबात ते लवकरच मागे पडले, तरी २०१६ मध्येही ते विकले जात होते. सॉफ्टवेअर आपल्या हातात राहावे म्हणून कमी वेग पत्करणारे ग्राहक इतकी वर्षे टिकून होते.

सॉफ्टवेअरमधली चूक किती लांब पोहोचते, हे २००३ मध्येच दिसले होते. नेटगिअरच्या काही राउटरमध्ये वेळ विचारण्यासाठी विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या सर्व्हरचा पत्ता कायमचा कोरलेला होता. उत्तर न मिळाल्यास ते दर सेकंदाला पुन्हा विचारत, आणि विद्यापीठावर विनंत्यांचा पूर लोटला. दुसरा दोष जास्त छुपा होता. मेमरी स्वस्त झाल्यावर उपकरणांतल्या डेटाच्या रांगा लांबत गेल्या. घरात कोणी मोठी फाइल अपलोड करू लागले की दुसऱ्याचा व्हिडिओ कॉल अडखळे, आणि दोष ‘स्लो नेट’वर जाई. संगणकतज्ज्ञ जिम गेटिस यांनी २०१० च्या सुमारास हे दुखणे ‘बफरब्लोट’ या नावाने चर्चेत आणले. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये त्यावर रांगा आटोक्यात ठेवणारी कोडेल ही पद्धत मांडली. ओपनडब्ल्यूआरटीवरच्या जुन्या यंत्रांनाही हा इलाज अपडेटमधून मिळाला. फक्त कंपनीवर अवलंबून असलेल्या आणि तिने वाऱ्यावर सोडलेल्या राउटरना तो मिळण्याचा मार्गच नव्हता.

यावर कोणी म्हणेल की यंत्रही बिघडतेच. खरे आहे. २००० नंतरच्या दशकात सदोष कपॅसिटरनी अनेक उपकरणे निकामी केली. उष्णता आणि कमकुवत अडॅप्टर आजही राउटर लटकवतात. म्हणून नवा घेण्याआधी अडॅप्टर बदलून, जागा मोकळी करून पाहावे. दुसरा आक्षेप असा, की सामान्य माणसाने फर्मवेअर, म्हणजे राउटरमधले सॉफ्टवेअर, कशाला बदलत बसावे? बसू नयेच. पण ज्या मॉडेलवर ओपनडब्ल्यूआरटी चालते, त्याचे आयुष्य फक्त कंपनीच्या मर्जीवर अवलंबून नसते, एवढे त्या प्रकल्पाची मॉडेलांची यादी पाहून कळते. तिसरा आक्षेप सोयीचा: नेटवाला राउटर देतोच की! पण तोच वापरण्याची सक्ती सगळीकडे नाही. जर्मनीत ऑगस्ट २०१६ पासून ग्राहकाला स्वतःचा राउटर लावण्याचा कायदेशीर हक्क मिळाला. त्याच नोव्हेंबरात डॉइच टेलिकॉमच्या सुमारे ९ लाख ग्राहकांची सेवा एका सायबर हल्ल्याच्या धक्क्याने कोलमडली आणि राउटरच्या फर्मवेअरचा अपडेट आल्यावर सावरली. फुकटचा राउटर चालेल, पण त्याला अपडेट कोण आणि किती दिवस देणार, हे विचारायलाच हवे. आपल्याकडे बऱ्याचदा फायबर जोडणीचा डबा ब्रिज मोडवर, म्हणजे फक्त जोडणी पुढे देण्यापुरता, टाकून घेऊन पुढे स्वतःचा राउटर लावता येतो. त्यासाठी नेटवाल्याकडे मागणी करावी लागते.

निवड करताना अँटेनांची संख्या आणि खोक्यावरचे मोठे आकडे फसवे ठरतात, कारण ते पहिल्या दिवसाचे वर्णन करतात. औषधाच्या पाकिटावर असते तशी मुदत राउटरलाही असते, फक्त ती छापलेली नसते. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून निर्मात्याला सुरक्षा अपडेट किमान किती काळ देणार ते जाहीर करणे सक्तीचे झाले आहे. तसा कायदा नसेल तिथे ग्राहकाने कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलचा शेवटचा अपडेट कधी आला, तेवढे तरी पाहावे. दोन वर्षे गप्प असलेल्या महागड्या राउटरपेक्षा नियमित अपडेट मिळणारा साधा राउटर जास्त भरवशाचा.